मागची खिडकी

कारेगावच्या त्या आगीचा तपास मी अजून विसरलेलो नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती, मी शिरूर भागात फौजदार होतो. एका रसायनांच्या गोदामाने भर दुपारी पेट घेतला. शेजारच्या कारखान्यातले कामगार स्वयंसेवक म्हणून आग विझवायला जात. बंब येईपर्यंत ते पुढून पाणी मारत होते. त्यांच्यातला निमोण्याचा एक तरुण फिटर कुऱ्हाड घेऊन एकटाच मागे गेला, आत शिरला आणि छपराखाली सापडून मेला.

मालकाने जबाब दिला, "आत कुणीच नव्हतं. तो कशाला शिरला, त्यालाच ठाऊक." माल उचलायला गेला असेल, अशी कुजबुज सुरू झाली. मी अकस्मात मृत्यूची नोंद केली खरी, पण पंचनाम्यात राखेतून जेवणाचे डबे निघाले होते. आत कुणीच नव्हतं, तर डबे कुणाचे?

दुसऱ्या सकाळी खोल्या भाड्याने देणाऱ्या एक मावशी ठाण्यात आल्या.

"साहेब, माझ्याकडची बिहारी माणसं त्याच गोदामात कामाला हायेत. हात भाजल्यात त्यांचे. आन् आत्ताच मुकादमानं त्यांना जीपमधी घालून दौंडला नेलं. गावाकडं धाडतोय म्हनं."

साक्षीदार रेल्वेत बसले की केस संपली. दौंड ठाण्याला वायरलेस करून आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याने गाडी पळवली. फलाटावर धावत पोचलो, तेव्हा रेल्वे लागलेली होती. जनरल डब्याच्या दारातच मुकादम सापडला.

"पाहुणे आहेत, साहेब."

मी एका पाहुण्याची बाही वर केली. कोपरापर्यंत फोड होते. त्याला बाजूला बसवून पाणी दिलं.

"ताला बाहर से था, साहब. भैया ने पीछे की खिड़की तोड़कर हमको उतारा. पूछा, और कोई है? मैंने कहा, एक सोया है. वो फिर अंदर गया. उसको बाहर ढकेला, तभी छत गिरी."

हे ऐकून मुकादमाचं अवसान गळालं. "सरकारी तपासणीवाल्यांना ही बिननोंदीची माणसं दिसू नयेत म्हणून मालकच कुलूप लावायला सांगायचे," तो म्हणाला. संध्याकाळच्या आत मालक कोठडीत होता. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कोर्टात टिकला.

तपास म्हणजे गुन्हेगार पकडणं, एवढंच मी तोवर समजत होतो. मेलेल्या माणसाची अब्रू राखणंही त्यातच येतं, हे इथे शिकलो.

त्याच संध्याकाळी मजुरांचे जबाब चालू असताना फिटरचे वडील ठाण्यात आले होते. सगळ्यांकडे पाहत त्यांनी विचारलं, "झोपलेला कोन व्हता?"

एकजण मान खाली घालून उभा राहिला. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही.