चाचांचा क्लोजअप

सिनेमाआधी पडद्यावर पाटी येते ना, ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’, ती दिसली की हल्ली माझं डोकंच फिरतं. काल्पनिक कसली डोंबलाची! त्यातलं एक पात्र चिखलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवतं आणि माझ्या स्कूटरचे ब्रेक नीट करून देतं.

सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. शूटिंगवाले आले तेव्हा म्हणाले, “कामगारांवरचा सिनेमा आहे. चाचा, अ‍ॅक्टिंग नको, रोजचंच काम करा.” चाचांनी मान खाली घालून नट आवळले. कॅमेरा पार नाकाशी आला. आम्ही आपले कौतुकानं बघत उभे.

सिनेमा लागला तसे चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून, अख्खं घर आणि निम्मी गल्ली घेऊन मॉलमधल्या थिएटरात आले. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसला आणि आम्ही शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात मागून धडकी भरवणारं संगीत सुरू झालं. चाचांचे डोळे, पाना धरलेला हात, आणि त्याला जोडून भलत्याच कुणाचे तरी हात, वायरी, टायमर. पुढच्या सीनला भर बाजारात स्फोट! अहो, दोन तुकडे शेजारी शेजारी चिकटवले आणि आमच्या चाचांचा अतिरेकी करून टाकला. चाचींनी पदर तोंडाला लावला. चाचा जागचे हललेसुद्धा नाहीत.

शूटिंगच्या मॅनेजरला मी फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो, “मॅडम, आम्ही कुणाचं नाव घेतलंय का?”

“नाव नाही, चेहरा घेतलात की! दाढी बघूनच शिरला होतात ना गॅरेजात?”

त्यानं फोन ठेवला. मेल्यानं जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवायची!

आता तो सिनेमा मोबाइलवर आलाय. परवा एक जुनंच गिऱ्हाईक गाडी नेताना म्हणालं, “चाचा, डिकीत काही ठेवलं नाही ना, राव?” आणि फिदीफिदी हसलं. चाचाही हसले.

काल मी स्कूटर आणायला गेले. किल्ली देण्याआधी चाचांनी स्वतःच डिकी उघडली. रेनकोट बाजूला केला, फडकं झटकून दाखवलं. “बघून घ्या, ताई.”

“चाचा, मला दाखवताय?”

“आता सगळ्यांनाच दाखवतो.”

संतापानं मी डिकी धाडकन लावली. माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसानं मात्र आपल्या गाडीची डिकी वाकून, आत हात घालून, नीट तपासून घेतली.