दोन इंच सैल

माझा थोरला भाऊ, अण्णा, बुडालेली माणसं बाहेर काढतो. तरुणपणी तो गोव्यात पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या बोटीवर होता. सिलिंडर पाठीला बांधून पाण्यात उतरणं तिथंच शिकला. गावी परतला तेव्हापासून आसपास कुणी विहिरीत, तळ्यात गेलं की त्याला फोन येतो. मी शिंपी. हुलसुरात माझं दुकान आहे, आणि माझ्या मापाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

पन्नाशी उलटली तशी अण्णाला पाण्यातली थंडी सोसेना. वर आला की तासभर दात वाजत राहायचे. गोव्याचा जुना वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा अंगभर रबरी पोशाख, काखेत, गुडघ्यात फाटलेला. नवा घ्यायचा ठरला आणि आठवडाभर आम्ही जाडीवरून भांडलो. तीन मिलिमीटरचा घ्यावा तर हातपाय मोकळे राहतात. पाचचा ऊबदार, पण ते रबर माणसाला वर ढकलतं, म्हणून कमरेला शिसं जास्त बांधावं लागतं.

"पाचचाच घे," अण्णा शेवटी म्हणाला. "दगडाच्या खाणीत तळाला ऊन पोचत न्हाई."

गोव्याच्या दुकानदारानं फोनवर अंगाची मापं मागितली. 'नेमकी द्या' असं त्यानं दोनदा बजावलं आणि माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरणाऱ्याला हा माप शिकवणार! अण्णाची छाती अडतीस भरली. मी चाळीस सांगितली. कंबर, मांडी, दंड, सगळीकडं थोडं थोडं सैल धरलं. हाताला वळणच तसं. आमच्याकडं अंगाला चिकटणारा कपडा शिवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं असतं.

सूट आला. अण्णानं घालून पाहिला, पाठीवरचं रबर चिमटीत धरलं. चिमटीत ते सहज आलं.

"सैल व्हायलाय रे," तो म्हणाला. "ह्याच्यात पाणी शिरतंच. पण शिरलेलं पाणी अंगाला चिकटून बसलं तरच तापतंय, त्याचीच ऊब ऱ्हातीय. सैल असला की हात हलवला की थंड पाणी आत येतंय. परत धाडू."

"मी माप चुकतो व्हय?" मी म्हणालो. "रबर हाय ते. आवळलं तर दम कोंडंल तुझा."

त्यानं सूट उतरवून खुंटीला लावला, परत धाडायचं राहिलंच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी मात्र जिंकल्यासारखा जेवायला बसलो.

डिसेंबरात कोहिनूर गावाच्या पलीकडच्या, पाण्यानं भरलेल्या एका जुन्या खाणीत गोधड्या धुताना एक मुलगी पाय घसरून बुडाली. आम्ही पोचलो तेव्हा तिचा बाप काठावर उभा होता. अण्णाच्या कमरेचा दोर माझ्या हातात. तो दोनदा रिकामाच वर आला, दुसऱ्यांदा ओठ काळेनिळे घेऊन. "पाठीवरनं पाणी वाहायलंय," एवढंच म्हणाला आणि पुन्हा खाली गेला.

तिसऱ्या खेपेला ती सापडली. आधी तिची वेणी वर आली, मग पिवळी बाही. बाप दोन्ही हात पुढं करून पाण्यात शिरला. त्याच्यापासून चार हातांवर अण्णाची बोटं उघडली आणि मुलगी पुन्हा खाली गेली. अण्णाला मी दोरानंच ओढून काढला. त्याला साधी मूठ मिटता येत नव्हती. त्या दिवशी त्याला परत खाली सोडणं शक्यच नव्हतं.

"हातात आलेलं लेकरू सुटलं कामून?" बापानं विचारलं. आवाज चढवला नाही त्यानं.

"बोटं मिटंनात, अप्पा," अण्णा म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. चूक माझी आहे, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी दोर गुंडाळत बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी दुकानातल्या रुंद इलॅस्टिकनं अण्णाचे दंड, मनगटं, कंबर, मांड्या सुटावरून आवळून बांधल्या. पहिल्याच खेपेत तो तिला घेऊन आला. बापानं तिच्या तोंडावरचे केस बाजूला केले. मग उठून त्यानं अण्णापुढं हात जोडले, आणि नंतर माझ्यापुढं. मीही जोडले.