एका माणसापुरता नैवेद्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवीला तर नाहीच — तिच्याच नावावर सगळं खपवलं, तिला काय सांगायचं? तुम्हाला सांगते. तुम्ही आमच्या घरातले नाहीत, एवढंच कारण.

घर आमचं पाचोडचं, शेतीवाल्यांचं. नवऱ्याला नोकरी लागली म्हणून औरंगाबादला आलो, तर दीर, जावा, लेकरं, सासूबाई — सगळं खटलं पाठोपाठ आलं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. स्वयंपाक माझ्याकडं, आणि थोरली सून म्हणून जेवायचं सगळ्यांच्या शेवटी. गार भात, तळाचं वरण, भाजीतला नुसता रस्सा. उपाशी कुणी ठेवलं नाही, खोटं कशाला बोलू? पण गरम घास कसा लागतो, ते लग्नानंतर मी विसरूनच गेले होते.

माझा भाऊ फर्दापूरला, लेणी बघायला येणाऱ्यांच्या बंगल्यावर खानसामा होता. एक परदेशी बाई जाताना आपलं भांडं त्याला देऊन गेली, आणि त्यानं ते भाऊबीजेला माझ्या ताटात घातलं. बिडाचं, दोन कानांचं, बाहेरून निळं, आतून पांढरं इनॅमल, झाकण चांगलं जड. उतरवल्यावरही कितीतरी वेळ आतलं गरम राहायचं. आणि मावायचं बरोबर एका माणसापुरतं. त्या बाईनं त्यात काय काय शिजवलं असेल? त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"एवढ्याशात कुणाचं प्वाट भरायचं?" आत्याबाई म्हणाल्या.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं — देवीचं.

पुढचं आपोआप सुचत गेलं. देवी स्वप्नात आली, म्हटलं. माझा नैवेद्य वेगळ्या भांड्यात शिजव, न चाखता, आणि घरातलं पहिलं पान वाढायच्या आधी मला दाखव, म्हणाली. मग जिनं शिजवला तिनंच तो तिथं बसून गरम खायचा. दुसऱ्या कुणी बोट लावलं की नवस मोडला. आत्याबाईंनी भांडं स्वतः चिंचेनं घासलं आणि देव्हाऱ्याखाली ठेवलं.

पहिल्या शुक्रवारी मसालेभात केला. बाहेर दीर ताटं मांडून बसलेले, आणि मी पाटावर, भातावर तूप सोडून, बोटांना चटके बसू देत, सावकाश जेवतेय. कुणाची हाक मारायची हिंमत नाही. काय सांगू — राणी झाले होते मी. पुढं देवीनं मंगळवारही मागून घेतला. मग पौर्णिमा. माझी भूक वाढेल तसे तिचे वार वाढले. माझं बघून गल्लीतल्या बायकांनीही नवस धरला, गुलमंडीवरून झाकणाची लहान पातेली आणली, आणि त्याही गरम जेवू लागल्या. ह्याचं मला आजही वाईट वाटत नाही. उलट आठवलं की छाती फुगते.

मग कबूल काय करायचंय? — येते, तिथंच येते.

आत्याबाई तापातून उठल्या होत्या. तोंडाला चव नव्हती, पेज बाजूला सारायच्या. त्या दिवशी शुक्रवार. मी मुगाची मऊ खिचडी केली, जिऱ्याची फोडणी दिली. त्या भिंतीला टेकून बघत होत्या.

"लई वास सुटलाय गं. घासभर देती का मला?"

उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. आणि देवी काय, माझ्याच मुठीत होती. चालतंय म्हणते, एवढं बोलले असते तरी झालं असतं. पण आज घासभर त्यांना, उद्या दिरांना, परवा लेकरांना — मग माझं काय उरलं?

"नवस मोडंल, आत्याबाई," मी म्हणाले.

"व्हय गं. चुकलंच माझं." त्या देव्हाऱ्याकडं वळल्या, दोन्ही कान धरले. "आई, माझ्या जिभंपायी सुनंला काई करू नको."

मी झाकण काढलं. खिचडी अजून वाफाळत होती. त्यांच्यासमोर बसून मी ती तळापर्यंत खाल्ली. छान झाली होती.