बिराप्पाचा लोकरीचा दोरा

माण तालुक्यातला धनगर आपल्या मेंढरांचा खरा आकडा परक्याला सांगत नाही. कळपात पाच विसा मेंढरं असली तरी विचारणाऱ्याला तो म्हणणार, "हायती दोन-चार." आकडा उघड झाला की दृष्ट लागते आणि मागोमाग रोग येतो, ही समजूत पिढ्यानपिढ्यांची. शहरातल्यांनी खुशाल हसावं. तान्ह्या बाळाच्या गालाला तीट मात्र तेही लावतात.

दहिवडीच्या पूर्वेच्या एका वाडीतला बिराप्पा याच रीतीत वाढला होता. चार यत्ता शिकलेला, बोलायला कमी आणि दिलेल्या शब्दाला चिकटून राहणारा. त्र्याहत्तर साली, दुष्काळ जेमतेम सरत असताना, पुण्याहून देवस्थळी नावाचे साहेब आले. पावसावर संशोधन करणारा सरळ माणूस वाटला. त्यांनी गायरानात पाऊस मोजायचं पत्र्याचं भांडं रोवलं, रेघांची काचेची नळी दिली आणि एक वही दिली. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, पाऊस नसला तर शून्य लिहायचं, पण एक दिवस चुकवायचा नाही. तीन वर्षांच्या नोंदी पाहून ढगांवर मीठ फवारणारं विमान कुठं उडवायचं ते ठरणार होतं.

"नोंदी नीट ठेवल्यास तर विमान इथंच येईल, बिराप्पा. माझा शब्द आहे," साहेब म्हणाले.

विमान येणार म्हणजे पाऊस येणार, पाऊस आला की माळावर गवत, आणि गवत असलं की दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर टाकून कृष्णाकाठाला जायला नको. बिराप्पाला एवढंच हवं होतं. त्यासाठी त्यानं जे केलं ते वाडीत कुणी केलं नव्हतं. दिवाळी झाली की बायको बनुबाई आणि धाकटा भाऊ अर्जुना कळप घेऊन निघत, आणि हा एकटा मागं राही, रिकाम्या माळावर शून्यं लिहायला. त्याची थट्टा झाली. बनुबाई तर जाताना बोलतही नसे. आठ महिने ती परक्यांच्या शेतात, पालाखाली, आणि नवरा इथं एका डब्याची राखण करतोय. तिचं काय चुकलं?

पण चूक बिराप्पाचीच झाली, आणि ती फक्त त्याच्यासारख्याकडूनच होऊ शकत होती. पाऊस पडला की त्याचा हात आखडायचा. नळीत वीस रेघा पाणी असलं तर वहीत तो तेरा लिही. पावसाचा खरा आकडा परक्याच्या वहीत मांडला आणि पाऊसच आटला म्हणजे? खरा आकडा तो धनगरी रीतीनं लोकरीच्या दोऱ्यावर ठेवी, पाच रेघांना एक गाठ. कुठली गाठ कुठल्या नक्षत्रातल्या कुठल्या दिवसाची, ते त्याला तोंडपाठ.

दुसऱ्या पावसाळ्यात साहेब अचानक आले, स्वतः पाणी मोजलं आणि चोरी पकडली. बिराप्पाची मान खाली गेली. त्यानं घरातून दोरा आणला आणि सगळं सांगून टाकलं. साहेब रागावले नाहीत. दिवसभर ओसरीवर बसून त्यांनी गाठीगाठीचा पाऊस निळ्या पुठ्ठ्याच्या नव्या वहीत उतरवून घेतला, दहिवडीच्या सरकारी पर्जन्यमापकाच्या आकड्यांशी ताडून पाहिला. तो जुळला. जुनी वही रद्द, यापुढं ही खरी, असं म्हणून त्यांनी जुनी आपल्या पिशवीत टाकली. बिराप्पाला इतकं हलकं वाटलं की निरोप देताना त्यानं आपणहून सांगितलं, "सायेब, मेंढरं एकशे बारा हायत." असं त्यानं सख्ख्या मेव्हण्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

शहात्तरच्या उन्हाळ्यात बैठक झाली ती नदीकाठच्या एका साखर कारखान्याच्या विश्रामगृहात. विमानाला लागणारं पेट्रोल कारखाना देणार होता, उतरायचा माळही कारखान्याचाच. चेअरमन हंबीरराव आधी देशाबद्दल बोलले. आपलं यंत्र पृथ्वीभोवती फिरतंय, मग ढग किती लांब, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी एक वही उघडली. प्रयोगाला वर्षाला निदान चारशे मिलिमीटर पावसाची जागा हवी. माणात तीनशेही होत नाही. ढगच नाहीत तिथं विमान काय करणार? मग दाराजवळ बसलेल्या बिराप्पाकडं बोट दाखवून म्हणाले, हे आमचं नव्हे, त्यांच्याच माणसानं लिहिलंय.

ती जुनी वही होती. बिराप्पा उभा राहिला आणि चेअरमनशेजारी बसलेल्या देवस्थळींना म्हणाला,

"आवं सायेब, त्यातलं खोटं हाय. मीच कमी लिवलं व्हतं. खरं तुमच्या निळ्या वहीत हाय, ती काडा की."

निळी वही देवस्थळींच्या पिशवीतून अर्धी बाहेर डोकावत होती. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होती. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"कार्यालयात नोंद झालेली वही हीच आहे, बिराप्पा," ते म्हणाले, आणि पिशवी पायानं खुर्चीखाली सरकवली.

बिराप्पानं कमरेला गुंडाळलेला गाठींचा दोरा काढून पुढं धरला. कुणी हात लावला नाही. कुणीतरी त्याला चहा घ्यायला बाहेर जायला सांगितलं.

त्या पावसाळ्यात विमान उसावर उडालं. पाऊस मिठानं पडला की आपसूक, देव जाणे. नदीकाठी उसासाठी पाऊस-संशोधन केंद्र निघालं, इमारत कारखान्याची, प्रमुख देवस्थळी. माळावरच्या भांड्यात कबुतरानं घरटं केलं. बिराप्पानं ते हलवलं नाही.

दिवाळीनंतर तोही कळपामागं निघाला. बनुबाईनं एका शब्दानं टोमणा मारला नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं. कृष्णाकाठी एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली असताना जीप थांबली. देवस्थळी उतरले. मनापासून भेटले, हे खरं. आपला इलाज नव्हता, पेट्रोल त्यांचं, वरून फोन आला होता, पुढं माणासाठीही करू, असं बरंच बोलले. बिराप्पा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. बोलणं संपलं, तशी साहेबांनी कळपावरून नजर फिरवली आणि जुन्या ओळखीनं विचारलं, "एकशे बारा होती ना? आता किती झाली?"

बिराप्पानं मेंढरांकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"हायती दोन-चार," तो म्हणाला.