निरुकाकीचा स्टो

झंखनाला स्टोची भीती वाटायची. पंप मारायला लागलं की ती घराबाहेर पळायची. गॅस आला, घराघरांतले स्टो माळ्यावर गेले, तरी एखाद्या चहाच्या गाडीवर तो फरफर आवाज आला की तिचे तळवे ओले व्हायचे. कारण सगळ्या पेटलाद गावाला ठाऊक होतं. ती सहा वर्षांची असताना तिची निरुकाकी स्टो फुटून जळाली होती. त्या वेळी झंखना गच्चीवर पापड राखत बसली होती. खाली आली तेव्हा तिला शेजारणीनं उचलून आपल्या घरी नेलं आणि दिवसभर तिळाचे लाडू चारले.

बडोद्याच्या कला महाविद्यालयात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला विषय निघाला, घरातली अशी वस्तू घडवा जिची तुम्हाला धास्ती वाटते. कुणी आरसा घेतला, कुणी पाळणा. एका मुलानं नुसता दाराचा अडसर घेतला. झंखनानं स्टो घेतला. महिनाभर तिनं मातीत स्टो केले आणि मोडले. शेवटी मजमुदार सर म्हणाले की हे सगळे बाजारातले स्टो आहेत, तुझा कुठाय? तो घेऊन ये.

ती घरी गेली. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आई, म्हणजे तिची बा, कोकिळाबेन. धाकटे काका रसिकभाई. आणि निरुकाकीनंतर वर्षाच्या आत आलेली दुसरी काकी. काकांची तंबाखूची वखार होती. झंखनाचं शिक्षण त्यांच्याच पैशांवर चाललं होतं, आणि ते कधी बोलूनही दाखवत नसत. गावात त्यांना देवमाणूस म्हणत.

बाला विचारलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, तो केव्हाच भंगारात गेला. पण हे सांगताना तिनं मान वर केली नाही. दुपारी बा देवळात गेली, तशी झंखना माळ्यावर चढली. धान्याच्या रिकाम्या पिंपात, जुन्या गोधडीत गुंडाळलेला स्टो सापडला. टाकीवर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, ‘चि. निरुपमा’. माहेरच्यांनी आंदणात दिलेल्या भांड्यांवर असतं तसं. तिनं तो तसाच पिशवीत घातला आणि वरून बानं दिलेला सुखडीचा डबा ठेवला.

दारातच काका भेटले. स्कूटर चालू होती. म्हणाले, बस, सोडतो स्टँडवर. नाही म्हणायला कारण सुचेना. ती मागे बसली, पिशवी दोघांच्या मध्ये. खड्ड्यात स्कूटर आदळली की टाकी त्यांच्या पाठीला टेकायची.

“काय आहे गं एवढं जड?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

“सुखडी आहे, काका. होस्टेलच्या मुलींना.”

“मग दे की एक वडी.”

स्टँडवर उतरून तिनं पिशवीचं तोंड अर्धवट उघडलं आणि डबा काढला. वडी तिच्या हातून खाली पडली. काकांनी ती उचलली, फुंकर मारली, खाल्ली. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, नीट जा बेटा. हाताला तंबाखूचा वास होता. बस सुटेपर्यंत ते तिथेच उभे होते. आपण का घाबरलो, हेच तिला कळत नव्हतं. काकांनी आजवर तिला कधी टपली मारली नव्हती.

बडोद्यात मांडवीजवळ याकूबचाचांचं दुकान होतं. आयुष्यभर स्टो दुरुस्त केले, आता पितळी भांड्यांना डाख देत असत. झंखनानं त्यांच्यापुढे स्टो ठेवला. हा कुठून फुटला ते दाखवा, म्हणाली. ती फाट तिला शिल्पात हवी होती.

चाचांनी चष्मा लावला. टाकी फिरवून पाहिली, नखानं सांधा चाचपला, चावीचे आटे पाहिले. मग वायसर बदलला, टाकी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि पंप मारायला सुरुवात केली. वीस, तीस, चाळीस. पाण्यावर एक बुडबुडा आला नाही.

“बेटी, हा फुटलेला नाही.”

तिला वाटलं, त्यांना ऐकू कमी येतं. तिनं मोठ्यानं सांगितलं की माझी काकी याच स्टोनं गेली.

“मी पन्नास वर्षं फुटलेले स्टो पाहिलेत,” चाचा म्हणाले. “फुटला की टाकी कमळासारखी उलते. याला तर साधा पोचाही नाही. फुटला असं ज्यानं सांगितलं, तो खोटं बोलला.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती पाणी न पिताच उठली.

त्यानंतर ती पंधरा दिवस धड झोपली नाही. होस्टेलच्या खोलीची कडी लावताना भीती वाटायची, उघडी ठेवतानाही वाटायची. दर रविवारी काकांचा फोन यायचा. काय घडवतेयस, प्रदर्शन केव्हा, आम्हाला बोलावशील ना. ती हो म्हणायची आणि रिसीव्हर ठेवून ओट्यावर बसून राहायची. विषय बदलावा असं शंभरदा मनात आलं. सरांकडे ती तसं सांगायला गेलीही, पण त्यांच्या टेबलापाशी उभी राहून पितळी पत्रा कुठे मिळेल, एवढंच विचारून आली.

पत्रा तिनं जुन्या बाजारातून घेतला, चाचांकडे बसून ठोकला. त्यांनीच डाख दिला. स्टो दोन माणसं उंच झाला. सहा वर्षांच्या मुलाला घरचा स्टो वाटावा तेवढा. तीन पाय खांबांसारखे, पोटाखाली वाकून शिरता येई. अंगावर कुठे चीर नाही, पोचा नाही. खाली मधोमध निरुकाकीचा खरा स्टो ठेवला. शेजारी पाटी होती: ‘न फुटलेला’.

प्रदर्शनाच्या पहिल्याच सकाळी काका आले, बाला घेऊन. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. सरांना नमस्कार केला. मग ते शिल्पाभोवती सावकाश फिरले, आणि खाली वाकले. टिंबांची अक्षरं वाचायला त्यांना फारसा वेळ लागला नसावा, पण ते बराच वेळ वाकलेले राहिले.

“चांगलं केलंयस,” वर येत ते म्हणाले. “हा लहान कुठून आणलास?”

“आपल्या माळ्यावरून.”

काकांनी बाच्या दिशेनं पाहिलं. ओरडले नाहीत, डोळेही मोठे केले नाहीत. पेढ्यांचा पुडा झंखनाच्या हाती दिला आणि शांतपणे म्हणाले, “चला भाभी. बस निघेल.”

बा बाकावर बसली होती. पदर दोन्ही मुठींत धरलेला.

“तुम्ही जा, रसिकभाई,” ती म्हणाली.

ते दारापर्यंत गेले, वळून थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. झंखना बाच्या शेजारी जाऊन बसली. बा शिल्पाकडे पाहतच बोलू लागली. त्या दिवशी ती गिरणीतून पीठ घेऊन आली तेव्हा रसिकभाई झोपाळ्यावर बसून झोके घेत होते. म्हणाले, स्टो फुटला. स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी होती. “ती कडी मी काढली,” बा म्हणाली. “आतून कुणी लावतं का बाहेरची कडी? पोलिसांना मी सांगितलं, दार उघडंच होतं. तुझ्या बापूजींनी हात जोडले माझ्यापुढे. भाऊ आहे, म्हणाले.” महिन्याभरानं काकांनी स्टो भंगारात द्यायला सांगितला, तेव्हा तिनं भंगारवाल्याला शेजारणीचा मोडका स्टो दिला आणि हा लपवला. का लपवला ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. रोज त्यांना वाढताना आपल्या मानेवर त्यांची नजर आहे असं वाटायचं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

बा पेटलादला परत गेली नाही. आणंदला तिच्या भावानं एक खोली दिली. काकांनी फीचे पैसे थांबवले. शेवटच्या परीक्षेला झंखना शिकवण्या करून बसली. बोरसदला निरुकाकीचा भाऊ होता. दोघी मायलेकी त्याच्याकडे गेल्या तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आधी आतलं दार लावलं, म्हाताऱ्या आईच्या कानावर जाऊ नये म्हणून. मग तो कोपऱ्यात जाऊन रडला.

तिघं मिळून पोलिसांत गेले. तिथल्या साहेबानं जुनी फाइल शोधावी लागेल म्हणून सांगितलं, पण जबाब लिहून घेतला. बानं दर पानावर सही केली. तिसऱ्या पानावर हात अडखळला, तेव्हा तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि नाव पुरं केलं.

फाइल अजून सापडलेली नाही. काका वखारीत बसतात, आणि गाव त्यांना अजूनही देवमाणूस म्हणतं. झंखना आणंदच्या एका शाळेत मुलांना मातीकाम शिकवते. भीती गेली असं ती म्हणत नाही. संध्याकाळी घराकडे येताना ती दोनदा मागे वळून पाहते, आणि बा खिडकीत उभी दिसली की मगच जिना चढते.