आमचा पी.पी. नंबर

गेल्या महिन्यात गावात नेटची केबल टाकायला माणसं आली. ग्रामपंचायत झाली, शाळा झाली, दवाखाना झाला, आणि खोदकाम ओढ्याच्या काठाशी येऊन थांबलं. "पलीकडच्या वस्तीचं पुढच्या टप्प्यात बघू," त्यांचा साहेब म्हणाला. मी त्याला भर रस्त्यात असं झापलं की शेजारणी दारात आल्या. "आई, तुला काय करायचंय?" मुलगा म्हणाला. मला काय करायचंय! माझ्या नाकावर राग असतो हे अख्ख्या गावाला माहीत आहे, पण या रागाचं मूळ मी कुणाला सांगितलेलं नाही.

नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी आमच्या घरी फोन आला. सासरे सोसायटीचे चेअरमन, म्हणून शेवगावकडून खांबामागून खांब रोवत लाईन थेट आमच्या ओसरीवर आली. गावात दुसरा फोन नव्हता. मग काय, ज्याने त्याने आपल्या अर्जावर, लग्नपत्रिकेवर आमचा नंबर घातला आणि पुढे लिहिलं, पी.पी. त्या अक्षरांचा खरा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. आम्हाला कळलेला अर्थ एवढाच की फोन दुसऱ्याचा, आणि ज्याचा फोन त्याने हाक मारायची. घरात हाका मारायचं काम कुणाचं? सुनेचं. वस्तीवरच्या कुणाचा फोन असला तर मी ओढ्याच्या अलीकडूनच ओरडायची.

ओढ्यापलीकडची ती वस्ती बौद्धांची. तिथली एक मुलगी शेवगावच्या कॉलेजात माझ्या बाकावर बसायची, आणि मला नेमकं तिच्याच गावात दिलं. दोघीच असलो की आमचं अगं-तुगं चालायचं. सासूबाई समोर असल्या की ती मला 'वहिनी' म्हणायची, 'तुमी' म्हणायची, आणि मग दोघींना हसू आवरायचं नाही. तिचा फोन आला की ती अंगणात खिडकीशी उभी राहायची, मी आतून रिसीव्हर द्यायची. तिचं बोलणं झालं की सासूबाई तो ओल्या फडक्याने पुसायच्या. गावातल्या बाकी कुणाच्या बोलण्यानंतर नाही पुसायच्या. मी बघायची आणि गप्प राहायची. तेव्हा बरा नाही आला मला राग!

तिने टायपिंग केलं, नगरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात तिची मुलाखत झाली. 'फोनने कळवू' म्हणाले. नंबर अर्थात आमचा. घरी तिच्या लग्नाची घाई चालली होती, पण नोकरी लागली तर दोन वर्षं थांबतो, असं वडिलांनी कबूल केलं होतं. म्हणून ती रोज संध्याकाळी खिडकीशी यायची. "आला का गं?"

आठवा-नववा दिवस असेल. घरात पाहुणे, चूल धुमसत होती, सासूबाईंचं तोंड चालू. त्यात खिडकीतून हिचा आवाज. मी खेकसले, "रोज रोज काय डोकं खातेस? आला की येऊन सांगते. मी काय मेले का?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती हसली. "बरं बाई, न्हाई येत. तू सांग."

दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला. "उद्या सकाळी दहाला हजर राहायला सांगा, नाहीतर आम्ही पुढचं नाव घेऊ." मी "हो, हो" म्हणून ठेवला. ओसरीवर शेंगा फोडायला बायका बसल्या होत्या, त्यांना चहा करायचा होता. वस्ती पाच मिनिटांवर. जाते की थोड्या वेळाने, म्हटलं. मग म्हटलं, ती येईलच संध्याकाळी, रोज येते. मीच तिला येऊ नको म्हटलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी भांडी घासताना आठवलं. नगरची गाडी केव्हाच गेली होती. तशीच राखेच्या हातांनी ओढा ओलांडून पळाले. आमच्या घरी फोन बसून वर्ष उलटलं होतं, पण तिच्या दारात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. ती धुणं वाळत घालत होती. मला बघून तिचा चेहरा असा उजळला! "आला?"

"आत्ता, आत्ताच आला बघ," मी म्हणाले. "दहाला बोलावलंय."

तशीच पळाली बिचारी. मिळेल त्या टेम्पोने गेली, पोचली तेव्हा दुपार झाली होती. जागा भरली होती. दोन दिवसांनी एसटीच्या फाट्यावर भेटली, तर चोराच्या मनात चांदणं, मीच बोलत सुटले. "मेल्यांनी आदल्या दिवशी नको का कळवायला? काही रीत आहे का?" ती रस्त्याकडे बघत गाडीची वाट पाहत राहिली. आजही ते आठवलं की जीभ छाटून टाकावीशी वाटते.

पुढे वस्तीने टेलिफोन खात्याकडे सार्वजनिक फोनसाठी अर्ज केला. त्यांना फोन मिळाला, पण तोवर ती लग्न होऊन बेलापूरला गेली होती. त्या अर्जावर गावातल्या लोकांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून लग्नाच्या आधी ती एकदा आमच्याकडे आली. त्याच खिडकीतून तिने कागद आत दिला. तिचंच सुरेख अक्षर. मी वाचत गेले. 'गावात एक फोन आहे. परंतु आदल्या दुपारी आलेला नोकरीचा निरोप दुसऱ्या दिवशी मिळाल्यामुळे वस्तीवरील एका मुलीची नोकरी गेली.'

आदल्या दुपारी. कारखान्यात तिला सांगितलं असणार. म्हणजे फाट्यावर मी बडबडत होते तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं.

"आत ये ना गं," मी कशीबशी म्हणाले.

ती खिडकीशीच उभी राहिली. "सही तेवढी करा, वहिनी. तुमचं नाव कुठं घातलं न्हाई त्यात."

सासूबाई त्या दिवशी शेवगावला बाजाराला गेल्या होत्या. घरात दुसरं कुणीच नव्हतं.