आपल्या गावच्या गाड्या

ओहायोतल्या आमच्या मिलरिज गावात हॅस्केटांच्या कारखान्याचा भोंगा असल्यामुळे कुणी घड्याळाकडे बघत नसे. थोरले हॅस्केट मूळचे घोडागाड्या बांधणारे. शेतावरची पोरं बर्फातून शाळेला जातात हे बघून त्यांनी एका ट्रकवर लाकडी खोली चढवली, आत बाकं ठोकली. ती गावातली शाळेची पहिली बस. पुढे लाकूड जाऊन पोलाद आलं आणि निम्मं गाव तिथं राबू लागलं.

वर्ना डिलवर्थचा नवरा युद्धावरून परतला नाही, तेव्हा तीही कामावर आली. ती छताच्या पत्र्यांना रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे बिनआट्यांचे खिळे, मारायची, मी शेजारी सीटा शिवायचे.

थोरले गेल्यावर मुलानं कारखाना शिकागोच्या लोकांना विकला. नवा हुकूम निघाला: छताच्या सांध्यावर रिव्हेट लांब लांब मारायचे, काम झटपट उरकतं.

"लेस्टर, हा सांधा उसवेल रे," वर्ना मुकादमाला म्हणाली.

"कायद्यात बसतंय, बाई. गोधडी शिवायला बसलीयस का तू?"

सगळे हसले. वर्नाही हसली.

मग उन्हाळ्यात आमच्याच गावच्या शाळेच्या गाड्या बांधायला आल्या. लेस्टर यंत्रांच्या खडखडाटात तिच्या कानाशी वाकला. "यांना पूर्वीसारखे जवळ जवळ मार."

लेस्टरच्या मुली त्याच शाळेत, वर्नाची नात जॉयसुद्धा. वर्नानं मारले. जेवणाच्या सुट्टीत मात्र कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

काम सुटल्यावर ती मागच्या आवारात गेली. रंगवून झालेल्या पिवळ्या गाड्या उन्हात उभ्या होत्या. त्यांच्यावर कधी न ऐकलेल्या गावांच्या शाळांची नावं होती. वर्ना प्रत्येक गाडीपाशी थांबून नाव वाचत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्याच गाड्यांना रिव्हेट जवळ जवळ मारू लागली. मागे काम तुंबलं.

"ए वर्ना, आम्हाला घरी बसवतेस का?" लोक ओरडले. लेस्टरनं तिच्या हातात झाडू दिला. चर्चमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना.

वसंतात वेस्ट व्हर्जिनियात आमची एक बस उतारावरून उलटली. छत उसवलं. रेडिओवर बातमी सांगत असताना कारखान्यातली यंत्रं एकामागून एक गप्प झाली.

चौकशीला माणसं आली. "सगळं कायद्याप्रमाणे आहे," कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं.

"मग आमच्या गावच्या गाड्यांना जास्त रिव्हेट कशाला?" वर्नानं सगळ्यांसमोर विचारलं.

 लेस्टर खाली मान घालून म्हणाला, "मीच सांगितलं होतं तिला."

कारखान्याला टाळं लागलं. लेस्टर बायको-मुलींना घेऊन टेक्सासला निघून गेला. वर्ना इथंच राहिली. दुकानात तिला सामान मिळे, पण कुणी 'कशी आहेस' म्हणत नसे.

एकदा मी तिच्याकडे बसले होते. ती ॲपल पायसाठी सफरचंदं सोलत होती. जॉय शाळेतून आली, दप्तर न उतरवताच म्हणाली, "आजी, आमच्या बसला तू जास्त रिव्हेट मारलेस ना? मग तेव्हाच त्या दुसऱ्या गावाला का नाही कळवलंस?"

वर्नाच्या हातातली सुरी थांबली. पोरगी उत्तराची वाट बघत दारातच उभी राहिली.